फसवलेल्यांचा दरबार

"हा मुकुट कोनाचा, काका?"

"कर्नाचा."

"अन् हा?"

"तो रुस्तमच्या पोराचा. इरानातला हाय तो, आपल्या इकडचा नाई."

श्रावणनं दोन्ही मुकुट उलटेपालटे करून पाहिले. पुठ्ठ्याचे होते, वर बेगड चिकटवलेली. "मुकुट तं मुकुटच हाय न काका. इरानातला असो नाई तं हिंगनीतला," तो म्हणाला आणि दोन्ही मुकुट त्यानं वस्तीबाहेर टाकायच्या पोत्यात टाकले.

डोमाजीनं त्याला अडवलं नाही. वर्षापूर्वीच्या दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, तेव्हा देव्हाऱ्यातले टाक त्यानं स्वतःच्या हातानं बोर नदीत सोडले होते. त्याचं त्याला तिळभर दुःख नव्हतं. ज्या देवाच्या पायरीला जन्मात हात लावू दिला नाही, त्याला पाण्यात सोडताना रडायचं कशाला? पण मुकुट म्हणजे काही देव नव्हते. निदान डोमाजी तरी तसं समजत होता.

डोमाजी पोटासाठी सेलूच्या जिनात सरकीची पोती भरायचा, पण हिंगणीत त्याची ओळख दंडारीचा शाहीर म्हणून. दिवाळीत दंडार उभी राहायची, त्यातली सोंगं, गाणी, सवालजवाब सगळे त्याचे. अक्षराशी त्याची ओळख अंगठ्यापुरतीच होती.

मोठ्या लढाईत तो फौजेच्या मजूर-तुकडीत इराणला रस्ते खोदायला गेला होता. बाकीचे लोक परत येताना कांबळी, बूट, घड्याळं घेऊन आले. हा शहाणा दोन वीर घेऊन आला. तिथल्या एका चहावाल्यानं मोडक्या हिंदीत त्याला रुस्तमची गोष्ट सांगितली होती: बापानं न ओळखता आपल्याच पोराच्या छातीत खंजीर खुपसला. आणि इस्पितळात शेजारच्या खाटेवर ग्रीस देशाचा एक शिपाई होता. त्यानं हातवारे करून आपल्याकडच्या वीराची गोष्ट सांगितली. आईनं त्याला टाचेला धरून जादूच्या पाण्यात बुडवलं, टाच तेवढी कोरडी राहिली, आणि बाण नेमका तिथंच लागला. त्याचं नाव डोमाजीला शेवटपर्यंत धड घेता आलं नाही. तो त्याला टाचवाला म्हणायचा.

आगबोटीतून परतताना त्याच्या डोक्यात दरबार भरला. कर्ण, एकलव्य, रुस्तमचा पोरगा आणि टाचवाला मेल्यावर एकाच ठिकाणी भेटतात आणि एकमेकांना विचारतात, तुला कोणी फसवलं? शत्रूचं नाव एकाच्याही तोंडून येत नाही. कोणी आई सांगतो, कोणी गुरू, कोणी बाप. डोमाजीला वाटलं, एवढं एक लोकांसमोर झालं की आपण सुखानं मरू.

पण दंडार व्हायची मारुतीच्या पारासमोर, आणि पार, सतरंजी, गॅसबत्ती सगळं भैयाजी वाण्याचं. भैयाजी दरवर्षी म्हणायचा, "डोम्या, हे इरानफिरान ठेव घरी. रामाचं कर." बारा वर्षं डोमाजीनं पारावर रामाचं केलं, आणि घरी गड्यांकडून दरबार घोकून घेतला. यंदा मात्र वस्तीनं ठरवलं होतं, आपली जागा आपली, दिवाही आपला. आता अडवणार कोण?

अडवलं ते श्रावणनं, सख्ख्या पुतण्यानं. मॅट्रिक झालेला, भाषण करणारा पोरगा. मुकुट नेले त्याच दिवशी दुपारी निंबाखाली बैठक बसली.

"कर्न देव नाई रे बापा," डोमाजी सांगत होता. "सारथ्याच्या घरी वाढला तो. भर सभेत त्याची जात काढली. आपलाच हाय तो."

"अन् लढला कोनासाठी? राजासाठीच न?" श्रावण म्हणाला. "एकलव्यानं अंगठा देल्ला. आपल्या पोरायनं त्याच्यातून काय शिकाव, काका? अंगठा देनं? आपले लोक आता सही करून राह्यले."

"मी तेच तं इचारतो दरबारात! काऊन देल्ला म्हनून!"

"त्याले इचारून काय फायदा? ज्यानं घेतला त्याले इचारा. अन् तो तं तुमच्या दरबारात येतच नाई."

जन्मभर सवालजवाब रचलेला माणूस, आणि काल मिसरूड फुटलेल्या पोरानं त्याला गप्प बसवलं. त्याला राग आला, आणि पोरगा खरं बोलला म्हणून जास्तच आला.

ठराव झाला, पुराणातलं सोंग घ्यायचं नाही. बाबाराव, जो कर्ण होणार होता, खाली मान घालून बसला. रुस्तमचा पोरगा होणारा नत्थू मागाहून डोमाजीच्या घरी आला.

"मी माह्यं इसरलो, बुवा."

"बारा वर्सं घोकलं अन् एका दुपारी इसरला?"

"ठरवलं तं इसरता येते," नत्थू म्हणाला. "माह्या पोरीले शाळेत मास्तर म्हनते, तुमी देव सोडले म्हनता अन् दिवाळीत सोंगं नाचवता. तिनं काय सांगाव?"

नत्थू गेल्यावर धुरपता चुलीपासूनच बोलली, "तुमचे ते मेलेले राजे भाकर देनार होते का? सोडा न आता." बायको आपली, पण तीही दरबाराच्या बाजूची नव्हती.

मग डोमाजीनं जे करायला नको होतं ते केलं. तो भैयाजीच्या दुकानावर गेला.

भैयाजीनं तराजू खाली ठेवला नाही. "करू न, डोम्या. पार आपलाच हाय. रोहन्याहून गडी बोलावतो. पन पयले मारुतीपुढं नारळ फोड, अन् एकलव्यानं अंगठा हासत हासत द्यावा. गुरूची निंदा पारावर नाई चालनार." गिऱ्हाइकाची डाळ पुडीत बांधता बांधता तो हसला. "देव सोडून पायले न? आले का नाई फिरून?"

डोमाजी दुकानाची पायरी उतरला. तोंडात आलेली शिवी त्यानं गिळली, आणि ती गिळल्याचं त्याला पुढं कितीतरी दिवस खुपत राहिलं.

राहिले होते शाळेतले दुसरे शिक्षक, प्रभाकरराव गुरुजी. रविवारी शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी कोरी वही उघडली. "सांगा डोमाजी. दंडार नाही झाली तरी कागदावर तरी राहील."

डोमाजीनं घसा खाकरला आणि नमन सोडून एकदम दरबारालाच हात घातला. जोडाची गाणी, म्हणजे एक वीर बसतो आणि दुसरा उठतो त्यामधली, त्याला सगळी तोंडपाठ होती. गुरुजी भराभर लिहीत होते.

"मंग कर्न उठते."

"हं. काय म्हणतो कर्ण?"

कर्णाचं बोलणं डोमाजीजवळ नव्हतंच.

ही त्याची स्वतःचीच करणी होती. एका वर्षी रोहण्याच्या दंडारवाल्यांनी त्याचा रामाचा अख्खा खेळ उचलून नेला होता. तेव्हापासून तो प्रत्येक गड्याला वेगळा, एकटा बसवून फक्त त्याचाच भाग शिकवायचा. चार ओळी हा द्यायचा, पुढच्या चाळीस त्या गड्याच्या तोंडातून निघायच्या. जे चांगलं निघे ते राहायचं, बाकीचं गळायचं. जोड तेवढे स्वतःकडे ठेवायचे, म्हणजे कोणी फुटला तरी अख्खा माल जाणार नाही. मोठी अक्कल लढवली होती! परक्यानं चोरू नये म्हणून पहारा ठेवला, आणि आपलीच माणसं आपापला वाटा उचलून घरी गेली.

"ते बाबारावजवळ हाय," तो हळूच म्हणाला.

"मग बोलवू या त्यांना."

"तो नाई सांगनार. अन् त्यानं सांगूही नाई. ठराव झाला हाय. माह्याही अंगठा हाय त्याच्यावर."

गुरुजींनी टाक खाली ठेवला. "मग आता?"

"जागा सोडा, गुरुजी."

"किती?"

डोमाजीनं डोळे मिटले. त्याचं बोट मांडीवर बाबारावच्या बोलण्याचा ठेका धरू लागलं. ओठ हलत नव्हते. बऱ्याच वेळानं बोट थांबलं. "दीड पान," तो म्हणाला. लगेच त्यानं पुढचा जोड खणखणीत आवाजात म्हटला. गुरुजींनी लिहून घेतला. एकलव्यासाठी पाऊण पान सोडलं, टाचवाल्यासाठी एक. शाळेच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया मधूनमधून वळून पाहत होत्या.

"आता रुस्तमचा पोरगा उठते," डोमाजी म्हणाला. त्याचं बोट फार वेळ चालत राहिलं. एकदा थांबलंसं वाटलं, पुन्हा सुरू झालं.

"नत्थूचं लांब हाय. बाप छातीवर बसला तरी पोरगा बोलतच राह्यते," तो म्हणाला. "तीन पानं सोडा."

गुरुजींनी एकेक करून तीन पानं उलटली.