दांड्यावरचा माणूस

मशीनच्या तांबड्या दांड्याचा रंग मधोमध उडालेला, आणि तिथलं लोखंड हातांच्या घामानं गुळगुळीत झालेलं – तेवढ्याच जागेकडं तो सकाळपासून बघत होता. दांडा पुढं ढकलला की रोलर थांबतात, फांदी आत जायची बंद होते. मशीनच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, हात दांड्यावर ठेवायचा. त्याचा साडू छाटलेल्या फांद्या आणून बुंध्याकडून आत सारत होता, मशीन त्या गिळत होतं, आणि पलीकडच्या गाडीत भुगा उडत होता.

थांब.

त्यानं दांडा ढकलला. साडूनं हातातली फांदी टाकली आणि कानावरची झाकणं वर केली. सकाळपासून ही चौथी वेळ. कुणी ओरडलं नव्हतं.

"साडूभाऊ, मशीन चालवताय की बस? दर स्टॉपला थांबताय ते." साडू म्हणाला.

खिळा दिसला, असं तो म्हणाला. साडूनं फांदी उलटीसुलटी करून बघितली; खिळा नव्हता. मुकादम आला. आणखी एकदा असं झालं तर किल्ली दुसऱ्याकडं देतो, तुम्ही झाडू धरा, असं त्यानं सांगितलं. रागानं नाही. दांड्यावरच्या माणसाला भास व्हायला लागले की एक दिवस फांदी सारणाऱ्याचा हात जातो, हे दोघांनाही माहीत होतं.

मशीनपाशी 'थांब' हा शब्द दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, असा त्यांचा जुना नियम. पाणी हवं असो, गाडी मागं घ्यायची असो – 'दम धर' म्हणायचं. 'थांब' ऐकलं की आधी बंद, विचारायचं नंतर. आणि मुकादमालाही 'थांब'च, 'थांबा' नाही; तिथं मान द्यायला वेळ नसतो. हे त्यानं एकदा घरी बायकोला सांगितलं तर ती इतकी हसली... आणि नियम तिनं घरात लावूनच टाकला. दूध उतू जायला लागलं तरी 'दम धर मेल्या' म्हणायची – दुधाला. बावीस वर्षं. आणि त्या सकाळी, तो बूट घालत असताना, भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली – थांब. त्याला तिनं जन्मात कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्याला वाटलं, झोपेत दुसऱ्याच कुणाला म्हणतेय. लवकर येतो, म्हणाला, आणि दार ओढून घेतलं. दहा वाजता शेजारणीचा फोन आला, ती गेली म्हणून.

दुपारी वेलींनी गुंडाळलेल्या फांद्या आल्या. वेल वाईट, मनगटाला अडकली तर माणसाला घेऊनच आत जाते. साडू वाकून वेल तोडत होता, तोडून फांदी सारत होता. त्याचं तोंड दिसत नव्हतं.

थांब.

हात दांड्यावर होता. मुकादम बघत होता. भास आहे, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि दात आवळले – फांदी जात राहिली, जात राहिली, शेंड्यासकट गेली. साडू सरळ झाला. दोन्ही हात दिसले. दहाही बोटं. मुकादमानं लांबून मान हलवली, आता जमलं म्हणून.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. ऐकलं होतं, आणि हात जागचा हलला नव्हता. किती सहज जमलं होतं... दुसऱ्यांदा.

त्यानं दांडा ढकलला, इंजिन बंद केलं. आतला ड्रम नंतरही बराच वेळ फिरत राहतो; तो पुरता थांबेपर्यंत त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मग किल्ली काढून मुकादमाच्या हातावर ठेवली.

"आता काय झालं? मघाशी तर तुम्ही मशीन थांबवलंच नाहीत."

"म्हणूनच," तो म्हणाला.

साडूनं जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, काय ऐकू येतं म्हणून. उत्तर म्हणून तो झाडू घेऊन भुग्यात उभा राहिला. मशीन बंद, आणि तरी तो कान देऊन होता. आता तिचा आवाज पुन्हा आलाच नाही तर, याची त्याला भीती वाटत होती.