टाकीच्या भिंतीवरची सुचिता

झाकण उघडल्याबरोबर आतल्या बाजूला जमलेले वाफेचे थेंब कडेला धावले आणि टपकन तिच्या पायावर पडले – मग लसणाच्या फोडणीचा वास आला, आणि मग दिसलं पिवळंजर्द पिठलं, त्यावर घडी घालून ठेवलेल्या ज्वारीच्या दोन भाकरी, आणि भाकरीच्या घडीत एक हिरवी मिरची. डबा तिचा नव्हता. तळाला कुणाचं तरी नाव कोरलेलं होतं, पण घासून घासून त्याचे नुसते खळगे उरले होते, आणि चष्मा आत राहिलेला. सुचिता ओल्या केसांनी उंबऱ्यात उभी राहिली. गल्लीत कुणी नव्हतं. ती अंघोळीला गेली असताना कुणीतरी दार न वाजवता डबा ठेवून गेलं होतं.

काल संध्याकाळीच ती पुण्याहून, शिवमकडून परतली होती. मुलाकडे आठवडाभर राहून आलं की घर नेहमीच असं रुसून बसलेलं असतं – दूध नाही, भाजी नाही, माठात शिळं पाणी. आणि हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. बाई दमून आली असेल, काय खाईल एकटी, असं या गल्लीत कुणाच्या तरी मनात आलं होतं... केवढं बरं वाटलं तिला. इतकं, की तिचं तिलाच हसू आलं – साठी उलटल्यावर दोन भाकरींनी एवढं खुलायचं? पण खुलली खरी. रात्री शिवमनं फोनवर लिहून विचारलं होतं, 'पोचलीस?' तिनं लिहिलं, 'पोचले.' त्यावर त्यानं एक अंगठा पाठवला होता. आणि इथे कुणीतरी मिरचीसुद्धा विसरलं नव्हतं.

"या अल्ला! काकू, तुम्ही घरातच हाय?"

शेजारची शाइस्ता. गळ्यात शिवणकामाची टेप, हातात अर्धवट उसवलेलं पोलकं, आणि डोळे एवढाले.

"मग कुठं असणार?"

"अहो काकू, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर तुमचा फोटो लावला ना! हा एवढा मोठ्ठा, काळापांढरा. हार बी टाकला कोनी तरी त्याले. लोकं म्हनून राह्यले, बाई पुन्यालेच गेल्या म्हनून. मी तं रातभर रडली. थ्या मागच्या सत्यभामाबाईनं सकाळीच पिठलं टाकलं – म्हने पोरगा बॉडी घेऊन आला असन, त्या घरी चूल पेटाची नाही..."

सुचितानं हातातल्या डब्याकडे पाहिलं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. कडू घास म्हणतात त्याला. हा तिचाच कडू घास होता. गरम होता अजून.

"सांगून येऊ काय सत्यभामाबाईले?" शाइस्ता निघालीच होती.

"राहू दे," सुचिता म्हणाली. "मी सांगते."

पण सांगायला ती गेली नाही. दार लोटून घेऊन, डबा ओट्यावर ठेवून ती खुर्चीत बसली, आणि सगळा घोळ तिच्या ध्यानात येत गेला. नगरपालिकेनं कला समिती नेमली त्याला आता वर्ष होत आलं. गावासाठी कधी गाणी-नाटकं करायची, कुठल्या चौकात काय उभं करायचं, कुठल्या भिंतीवर काय रंगवायचं, हे ठरवणारी पाच-सहा माणसं, त्यातली ती एक. टाकीच्या भिंतीवर गावातल्या कलावंतांचे चेहरे रंगवायचे होते. समितीची रीत अशी, की रंग लावण्याआधी तेवढ्याच मापाचं फ्लेक्स आठ दिवस टांगायचं, लोकांना बघू द्यायचं, बोलू द्यायचं. पहिला चेहरा तिचा निघाला. आणि फ्लेक्सवर एकही अक्षर नको हे भांडून मंजूर करून घेतलं होतं तिनंच – अक्षरं असली की लोक अक्षरं वाचतात, चित्र बघत नाहीत. वा रे अक्कल! या गावात फ्लेक्सवर माणूस दोनदाच चढतं. रंगीत असलं, खाली शुभेच्छुकांची इवलीइवली तोंडं असली, तर वाढदिवस. काळंपांढरं आणि एकटं असलं, तर संपलं. यात लोकांची काय चूक?

फोटो कलापथकाच्या दिवसांतला होता. साक्षरतेची गाणी घेऊन जीपमधून गावोगाव हिंडायचे ते दिवस – देऊळघाटच्या शाळेत, डोणगावच्या बाजारात, कंदील लावून, धुळीत. पुढे तिची मैत्रीण वच्छला, कानावर हात ठेवून, आणि तिच्या मागे सुचिता, झील धरायला. वच्छलानं ओळ टाकायची आणि सुचितानं त्या ओळीचा शेवटचा शब्द झेलून लांबवत राहायचं, वच्छलाला दम घेता यावा म्हणून. लोक म्हणायचे, वच्छलाबाईचा आवाज काय आहे, दमतच नाही बाई! दमायची ना. मला ठाऊक होतं कुठे दमते ते. तिच्या पाठीवरून कळायचं मला, पदराखालची पाठ किंचित आखडली की मी शब्द उचलायचे... एकदाही खाली पडू दिला नाही.

हिवाळ्यातल्या महोत्सवात ती गाणी एकटीनं म्हणा, असं समितीचे अध्यक्ष अविनाश गेला महिनाभर मागे लागले होते. एकदा दार लावून तिनं म्हणून पाहिलं होतं. सगळ्या गाण्यांची शेपटं आली. एकाही गाण्याचा पहिला शब्द आला नाही.

मूळ फोटोत दोघी होत्या. 'आपल्या गावातलेच कलावंत घेऊ,' असं ठरल्यामुळे मुलाच्या घरी डोणगावला राहायला गेलेली वच्छला कापली गेली. फक्त सुचिताच्या खांद्यावर ठेवलेली तिची चार बोटं राहिली. ती कॉम्प्युटरवर पुसून देतो म्हणाला होता फ्लेक्सवाला जावेद. तिनं नको म्हटलं होतं. 

दुपारी बैठकीला ती मागच्या गल्लीनं गेली, डोक्यावरून पदर घेऊन. मेलेल्या माणसानं भर बाजारातून कसं जायचं, या विचारानं तिला एकदा फिसकन हसू आलं. वाचनालयाच्या माडीवर ती शिरली तेव्हा चौफुलीवर कापसाचं बोंड उभारायचं की वीणा, यावर वाद चालला होता; तो जागच्या जागी थांबला.

"बाई, तुम्ही तं आता शंभर वर्सं जगसान," भजनी मंडळाचे उकंडराव म्हणाले. "मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढते."

एवढ्यावर सगळे हसले, तीही हसली. वाढून करायचं काय, हे मात्र उकंडरावांना विचारण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, मी आत्ताच शिडी लावतो," जावेद उठलाच. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. "कसम से, मले वाटलंच नाही असं होईन म्हनून."

"किंवा खाली एक पट्टी चिकटवू," अविनाश म्हणाले. "'हार्दिक अभिनंदन' अशी. लाल अक्षरात. तुम्ही सांगा बाई, कसं करायचं."

तिला म्हणायचं होतं, काढा. ती म्हणाली, "आज राहू द्या."

"काऊन हो?"

"समितीनंच ठरवलंय ना, लोकांचं मत घ्यायचं? लोक मत देतायत." पुन्हा हशा. ती हसणं ओसरेपर्यंत थांबली. "उद्या काढा. आजचा दिवस राहू द्या."

अविनाशांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग बोंडाकडे वळले.

आजचा दिवस. का, ते तिला सकाळपासून, डबा हातात धरल्या क्षणापासून ठाऊक होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. डोणगावची बस टाकीच्या भिंतीसमोरच वळते. शिवमचे बाबा गेले तेव्हा वच्छला आली नव्हती. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, परके येऊन रडून जात होते, आणि सुचिता भिंतीला टेकून बसल्या बसल्या बसच्या वेळा मोजत होती – आता सकाळची आली, आता दुपारची आली असेल... वच्छला आली नाही, आणि का आली नाही हे तिनं नंतरही सांगितलं नाही. आपण विचारलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं बोलणं गळत गेलं. मग पुष्कळदा, भांडी विसळताना, दिवा लावताना, एकच विचार यायचा: मी गेले तर येईल? वेडाच विचार. ज्याचं उत्तर बघायला आपण नसणार तो प्रश्न कशाला विचारायचा? आणि आता जावेदच्या फ्लेक्समुळे ते उत्तर बघायची सोय झाली होती.

परतताना ती टाकीवरून गेली. रसवंतीच्या ताडपत्रीआड उभी राहिली. स्वतःला एवढं मोठं तिनं कधी पाहिलं नव्हतं. फ्लेक्सवरची सुचिता कुणाकडे तरी बघत होती, तोंड अर्धवट उघडं, शब्द झेलायच्या बेतात, आणि जिच्याकडे बघत होती तिथे टाकीची नुसती ओली भिंत होती. खांद्यावर चार बोटं. हार एका बाजूला कलला होता. गाठोडं घेतलेली एक अनोळखी म्हातारी थांबली, हात जोडले, आणि बसकडे पळाली. बस डोणगावचीच होती. खिडक्यांमधून माणसांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं, आणि बस गेली. सुचितानं पदर डोळ्यांना लावला, स्वतःसाठीच, आणि असं भर रस्त्यात आपल्यालाच आपण रडायचं म्हणजे फार झालं, असं म्हणून ती घराकडे वळली.

घरी येऊन तिनं डबा उघडला. पिठलं गार होऊन वर साय धरली होती. भूक लागली होती, सपाटून. कडू घास ज्यांचं माणूस गेलंय त्यांनी खायचा असतो. पण या घरात दुसरं होतं कोण? तिनं ताटलीत भाकरी घेतली, मिरची मोडली, आणि पहिला घास घेतला. छान झालं होतं. सत्यभामाबाईंनी लसूण ठेचून घातला होता, चिरून नव्हे.

तेव्हा फोन वाजला.

'वच्छला डोणगाव'. हे नाव त्या काचेवर कधी उमटलेलं तिनं पाहिलंच नव्हतं. नव्या फोनमध्ये शाइस्तानं जुने नंबर भरून दिले होते तेवढंच. सुचिताचा घास तोंडातच राहिला. उजवा हात पिठल्यानं माखलेला, डावा हात फोनपासून वीतभर अंतरावर. आली! आली की नाही हाक? इतका आनंद झाला, इतका, की ती उठून उभीच राहिली... आणि उचलला नाही. उचलला की मी जिवंत. उचलला की वच्छला म्हणेल, 'हाय काय तू? मले वाटलं...' आणि हसेल, आणि तब्येतीचं विचारेल, आणि ठेवून देईल. अजून जरा. अजून थोडं रडू दे तिला माझ्यासाठी. फोन थांबला. पुन्हा वाजला. ती उभी राहून त्या आवाजाकडे बघत होती, बघवत नव्हतं तरी बघत होती. थांबला. जरा वेळ गेला, एवढ्यात पुन्हा वाजला, आणि या खेपेला जास्त वेळ वाजत राहिला, आणि मग तोही थांबला.

गल्लीत उन्हं कलली होती. शाइस्ताचं मशीन चालू होतं. फोन काही पुन्हा वाजला नाही.

आधी तिला वाटलं वाजेल. मग तिला तिकडची खोली दिसायला लागली, कधी न पाहिलेली, डोणगावची. आणि तिथे फोन मांडीवर घेऊन बसलेली वच्छला, जिला इथे आता विचारायला कुणी उरलं नाही. हे गेले तेव्हा ओसरीवरचा तो लाल फोन वाजायचा. आत्ता आठवलं. गर्दीत, रडारडीत, वाजून वाजून थांबायचा. कोण उचलणार होतं त्या दिवसांत? मीही ऐकायचे, भिंतीला टेकून... आणि बसची वाट बघायचे. कुणाचा होता, कुणी बघितलं? कुणाचाही असेल. तिचा नसेलही.

पण आज तर तिचाच होता. वच्छलानं तीनदा ओळ टाकली, आणि झेलायला मी इथे जिवंत उभी असून तिन्ही वेळा खाली पडू दिली. तिची पाठ आखडली असेल. सगळा दिवस मिरवत आणलेलं ते माझ्यासाठीचं रडणं एकदम नकोसं झालं, ताटलीतल्या उरलेल्या भाकरीसारखं.

तिनं हात धुतला नाही. डाव्या हातानं फोन उचलला, नावावर बोट नेलं. पलीकडे घंटा वाजेल, वच्छला उचलेल, आणि दचकून गप्प राहील – ती काय बोलणार, मेलेल्या माणसाच्या फोनवर? म्हणजे बोलायला आपणच हवं. ओळ आपणच टाकायला हवी. सुचितानं दम घेतला. घशात काहीतरी वर आलं, शेवटाकडचं, लांबवत न्यायचं, ओळखीचं... आणि पहिला शब्द काही केल्या सुचेना.