तळाची पट्टी

सर्बियातल्या नोवी साद शहरातल्या त्या व्हिडिओ-सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आपला कोड आपणच तपासायचा नाही, असा रिवाज होता. म्हणून यास्नाचं काम तपासायला वुकाशिनकडे गेलं आणि त्याने निकाल दिला, "फायदा शून्य."

यास्नाचं टाळकंच सरकलं. चित्राचा प्रत्येक तुकडा मागच्या चित्रापासून किती सरकला, ते त्यांच्या व्हिडिओत पाव पिक्सेलपर्यंत मोजून पाठवलं जाई. पळत्या खेळाडूला तेवढा काटेकोरपणा हवा. सरकत्या अक्षरांना अख्खा पिक्सेल पुरतो, बाकीचा डेटा फुकट जातो. कुठे किती बारीक मोजायचं, ते यास्नाच्या कोडने तुकड्यागणिक ठरवलं असतं आणि वाचलेल्या डेटात अक्षरं ठसठशीत दिसली असती. फुटबॉल दाखवणाऱ्या वाहिनीची तक्रारच ती होती, की तळाच्या पट्टीतल्या बातम्या वाचता येत नाहीत.

ती तरातरा वुकाशिनच्या टेबलाशी गेली. तो बुरेक खात बसला होता.

"कशावर तपासलंस रे?"

"त्या वाहिनीच्याच सामन्यावर. अख्खा पाहिला, बाई!"

"दाखव."

त्याने तेलकट बोटाने बटण दाबलं. धावणारे पाय, हिरवं मैदान, आणि पडद्याच्या पार तळापर्यंत नुसतं गवत.

"पट्टी कुठाय?"

"ती होय? कापली. अक्षरं म्हणजे काय चित्र आहे का? उगाच आकडे बिघडवतात."

"दुखरा पायच कापून फेकलास," यास्ना अशी ओरडली की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं, "आणि वर मलाच सांगतोस, मलमाने गुण येत नाही!"