आशाबाईचं कडवं

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या भाजीबाजारात देवीदासचं गाणं बसून ऐकायची रीत नव्हती. कडवं हमालांचं आलं की हमाल उठणार, माळणींचं आलं की माळणी, फळवाल्यांचं आलं की रशीदभाई बागवान गुडघे धरत का होईना, उठणार. शेवटचं कडवं आशाबाईचं. ती बाजार झाडायची. 'तुह्या खराट्यानं उजाडते बाजार' म्हटलं की तीही उठायची आणि मग बसलेलं कोणी उरायचं नाही. गेल्या साली महापालिकावाले सगळ्यांना रस्त्यावरून हुसकावणार होते, तेव्हा याच गाण्याने बाजार एक राहिला आणि जागा वाचली. देवीदास मेथी-पालक विकणारा गडी. पण तेव्हापासून तो कवी झाला, आणि कवीला सत्काराची तहान लागायला कितीसा वेळ लागतो!

सत्कार अमरावतीला ठरला. प्रत्येक कडव्यातले एकदोघे जीप करून गेले. आशाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. मंचावर चढताना आयोजक केशवरावांनी देवीदासला बाजूला घेतलं. "कविराज, शेवटचं कडवं तेवढं गाळा. सडका माल, खराटा... पाहुणे मोठे आहेत." देवीदासने मान डोलावली. एका कडव्याने काय बिघडतं, असं त्याला वाटलं. शालीची घाई झालेल्या माणसाला असंच वाटतं.

सभागृहात आपापल्या कडव्याला एकेक जण उठत गेला. शेवटी आशाबाईने पदर खोचला, खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आणि देवीदासने नमस्कार करून गाणं संपवलं. टाळ्या पडल्या. बाजारच्या उभ्या माणसांत ती एकटी बसलेली त्याला दिसली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना जीपमध्ये ती बाहेर बघत बसली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी बाजाराची बैठक भरली. देवीदासने तिचंच कडवं सर्वांत आधी घेतलं. ती उठली नाही.

"उठा ना आशाबाई," तो म्हणाला. "चुकलं माह्यं."

"तू गा, देवीदासभाऊ. मी बसूनच आयकून राहिली."

त्याने माळणींचं कडवं धरलं. जयवंता माळीण उठायला गेली, आशाबाईकडे पाहून परत बसली. हमालांचं झालं, रशीदभाईंचं झालं. कोणी उठलं नाही. एकाला सोडून दुसऱ्याने उठायचं नाही, हे त्यांना त्यानेच शिकवलं होतं. गाणं संपलं तेव्हा भरल्या बाजारात एकटा देवीदास उभा होता.