तीन वाटा आणि एक ओळ

क्रिसांतोनं बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तीन रकाने आखले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. लष्करात अधिकारी व्हायच्या तीन वाटा. पहिली, बागियो शहरातली लष्करी अकादमी: परीक्षा महाकठीण, पण आत शिरलं की चार वर्षं राहणं, जेवण, पदवी सगळं सरकारचं, आणि बाहेर पडायचं ते लेफ्टनंट होऊनच. दुसरी, साधं कॉलेज आणि सुटीच्या दिवशी कवायत: फी आपली, निवडीची खात्री नाही. तिसरी, आधी पदवी, मग वर्षभराचं प्रशिक्षण.

"पहिलीच धर, लेफ्टनंट," थोरला भाऊ रेनान्ते चिडवायचा. "बाकीच्या दोन ज्यांच्या बापाचं दुकान आहे त्यांच्यासाठी."

रेनान्ते मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. मागे त्याची जोव्हेलिन राहिली, लग्नाआधीच सात महिन्यांची गरोदर. मुलगी झाली, रेना. मेलेला माणूस जन्मनोंदीवर सही करत नाही, आणि आपल्या सामार बेटावर बापाचा रकाना रिकामा असला की पोरीला शाळेच्या पहिल्या दिवसापासून टोमणे खावे लागतात.

"तू कर सही," नानाय, म्हणजे त्याची आई, म्हणाली. रेनान्ते गेल्यापासून ती धड जेवली नव्हती. "आडनाव तेच, रक्त तेच. कोण विचारतंय?"

क्रिसांतोनं बापाच्या रकान्यात शपथेवर सही केली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

आता तो एकवीस वर्षांचा होता. दोनदा आपटल्यावर यंदा तो अकादमीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला होता, डॉक्टरांनी पास केलं होतं, आणि हे वय सरलं की ती वाट कायमची बंद होणार होती. छावणीतल्या भरतीच्या टेबलापाशी सार्जंट ओडेटा त्याचे कागद तपासत होत्या.

"एवढं एक राहिलंय बघ," त्यांनी अर्जातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. अपत्ये किती?

क्रिसांतोनं ती ओळ दोनदा वाचली. "मॅम, मूल फक्त कागदावर असलं तर?"

"कागदावर असलं म्हणजे आहेच."

त्यानं सगळं सांगून टाकलं, भावापासून सहीपर्यंत. मग घाईघाईनं विचारलं, "दुसऱ्या वाटेनं? कॉलेजातून? मी कसंही करून फी भरीन. नाहीतर पदवीनंतर?"

"तिन्हीकडे हीच ओळ आहे, बाळा. अविवाहित, मूलबाळ नसलेला."

क्रिसांतोला हसू आलं. पाच वर्षं त्यानं तो पुठ्ठा घोटला होता. तीन वाटांत जे जे वेगळं ते सगळं लिहिलं होतं. जी ओळ तिन्हीकडे सारखी, ती तुलनेत कशाला लिहायची? म्हणून ती लिहायचीच राहिली. इतका हुशार गाढव अख्ख्या बेटावर दुसरा नसेल.

ओडेटांनी आवाज खाली आणला. "मूल तुझं नाही, खोटी शपथ घेतली होती, असं लिहून दे. मी अर्ज धरून ठेवते. खात्री देत नाही, पण प्रयत्न करते."

"आणि तिच्या नोंदीचं?"

"तुझं नाव काढायला घेतील. रकाना रिकामा होईल."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. क्रिसांतोनं पेन उचललं. 'मी खाली सही करणारा' इतकं लिहिलं आणि हात थांबला. खोटं तर लिहायचं नव्हतं; मूल त्याचं नव्हतंच! मग हात का चालेना? त्याला ओरडावंसं वाटलं, भावावर, नानायवर, त्या मेल्या समुद्रावर. कागदावर टपकन थेंब पडला. ओडेटा दुसऱ्याच फाइलीत बघत बसल्या.

त्यानं तो कागद घडी घालून खिशात टाकला. अर्ज ओढला आणि त्या ओळीसमोर लिहिलं: एक.

बाहेर बदामाच्या झाडाखाली नानाय रेनाचा हात धरून उभी होती. पहाटे उठून तिनंच त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला होता. त्याला पाहताच रेनानं दोन्ही हात वर केले.

"तातय! उचल!"

"बाबा नाही गं, काका म्हण," नानाय नेहमीसारखी म्हणाली आणि हसत त्याच्याकडे वळली. "काय रे, अकादमीला कधी निघायचं?"

क्रिसांतोनं पोरीला उचलून घेतलं.

"म्हणू दे तातय, नानाय," तो म्हणाला. "आत तसंच लिहून आलोय."