सुईची तारीख

“आधी एक सांग, गोरख. हा मेला, तर पुरशील का?”

आपण चुकीचं ऐकलं असं गोरखला वाटलं. गोठ्यात पाखऱ्या बैल दोन दिवसांपासून भुई धरून पडलेला, अंगात सणसणीत ताप. आणि ज्याला मोटारसायकल पाठवून मानाने आणलं, तो जनावरांच्या दवाखान्यातला भागुजी सुई भरायच्या आधीच मरणाची भाषा करत होता.

“डॉक्टर, जिभंला हाड हाये का न्हाई?” गोरख उसळला. “बैल उठवायला बोलावलंय तुमाला!”

“उठावा म्हनूनच टोचनार हाये. पन ही सुई झाली आन जनावर आठ दिसांत गेलं, तर ते माळावर टाकायचं नाय. खड्डा खांदून पुरायचं. व्हय म्हन, मग टोचतो.”

“अन न्हाई म्हनलं तर?”

 सिरिंज हातात धरून भागुजी तसाच उकिडवा बसून राहिला. त्याला घाई नव्हती. शेवटी गोरखची आई बयाबाईच ओरडली, “व्हय म्हन की रं मुडद्या! मुकं जनावर कन्हतंय आन तू कसला वाद घालतुयास?”

“पुरतो,” गोरख दात खाऊन म्हणाला. “टोचा.”

भागुजी काही डॉक्टर नव्हता. सरकारी भाषेत पशुधन पर्यवेक्षक. पण डिंगोऱ्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती, आडव्या आलेल्या वासरांपासून पोट फुगलेल्या शेळ्यांपर्यंत सगळं त्याने निस्तरलं होतं, त्यामुळे गाव त्याला डॉक्टर म्हणत होतं. म्हणजे दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तरी आवडीने म्हणत होतं. हा अभद्र प्रश्न त्याने सुरू केल्यापासून निम्म्या गावाने ओतूरच्या एका खाजगी माणसाला बोलवायला सुरुवात केली होती. तो बिचारा काहीच विचारत नव्हता. सुई मारायचा आणि चहा पिऊन निघायचा.

सुरुवात झाली ती २००३ सालच्या अखेरीस, वृषालीपासून. पुण्याची ही पोरगी माळशेजकडच्या कड्यांवर दुर्बीण लावून गिधाडं मोजायला आली होती आणि तीन आठवड्यांत तिला मोजून दोन सापडली होती. ती दवाखान्यात आली आणि तिने कपाटातल्या औषधांच्या बाटल्या बघायला मागितल्या. एका बाटलीवर बोट ठेवून म्हणाली, “काका, हे डायक्लोफिनॅक तुम्ही कधीपासून देताय?”

“झाली की सात-आठ वर्षं. लई गुनाचं औषध. ताप, सूज, दुखनं, सगळं बसतं.”

तेव्हा तिने सांगितलं. ही सुई दिलेलं जनावर लगेच मेलं, आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पाकिस्तानात तपासलेल्या मेलेल्या गिधाडांत हेच औषध सापडलं होतं, अवयवांवर पांढरी पुटं चढलेली.

“आन आपल्याकडं?”

“आपल्याकडे अजून नक्की नाही. काही जण म्हणतात एखादा रोग असेल. तपासायला ताजा मेलेला पक्षी हवा, तोच मिळत नाही.” ती ओशाळून हसली. “खोटं कशाला बोलू काका, मला खात्री नाही. संशय मात्र फार आहे.”

ती गेली, पण भागुजीची झोप घेऊन गेली. सात-आठ वर्षं. गिधाडं दिसेनाशी झाली तीही साधारण तेवढ्याच वर्षांत. ज्या बाटलीच्या जिवावर त्याने गावात नाव कमावलं, तिनेच हे केलं असेल तर? त्याने तालुक्याच्या बैठकीत विषय काढला. साहेब समजुतीने म्हणाले, वरून पत्र आलं की बघू, नुसत्या शंकेवर औषध बंद करता येतं का? साहेबांचं चूक होतं असंही नाही. दुसरं औषध कपाटात नव्हतं, आणि कण्हणारं जनावर तसंच सोडून उठणं भागुजीलाही जमलं नसतं. मग उरली एकच गोष्ट. औषध अंगात घेऊन मेलेलं जनावर उघड्यावर जाता कामा नये. वृषालीचा संशय खोटा ठरला, तर चार खड्डे फुकट जातील. खरा ठरला तर काय काय वाचेल, याचा विचार करून तो ग्रामसभेत उभा राहिला.

त्याचं बोलणं संपल्यावर सरपंच भगवंतराव म्हणाले, “भागुजी, तुमची पक्की खात्री हाये का?”

“नाय.”

सभा हसली.

“मंग अंदाजानं खड्डे खांदायचे का राव आमी?”

“सरपंच, तुमची गाय गाभन हाये आसा नुसता संशय आला, तरी तुमी तिला जपता का नाय? का तपासून होस्तवर दगडं हानता?”

हसू थांबलं. मग कोपऱ्यातून म्हातारा भिमाजी बोलला. त्याच्या मनात वाईट नसावं, पण जिभेला जुनी सवय. “पुरायचं म्हनजी जनावर वढायला, खांदायला मानसं लागत्यात. पूर्वी तुमची वस्ती हे समदं करीत व्हती. तवा कशी बिनघोर सोय व्हती.”

कुणी वर बघेना. भागुजीच्या कानशिलांत रक्त चढलं. तरी आवाज न चढवता तो म्हणाला, “भिमाजीबाबा, आमी धम्म घेतला तवा माझ्या बापानं मेलेलं ढोर वढायचा दोर जाळला. तो परत वळायला मी हितं उभा नाय. जनावर ज्याचं, खड्डा त्याचा. मी फकस्त सुई कवा दिली त्याची तारीख सांगनार.”

ठराव झाला नाही. ज्याला पटेल त्याने पुरावं, असं म्हणून सरपंचांनी विषय मिटवला, आणि पटलं कुणालाच नाही. भागुजीने मात्र त्या दिवसापासून सुई भरण्याआधी प्रश्न विचारायचा नेम धरला.

पाखऱ्या तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. सकाळी गोरखने त्याला ट्रॅक्टरला बांधून ओढत नेलं आणि रीतीप्रमाणे माळावर टाकून दिलं. भागुजीला हे चहाच्या टपरीवर कळलं. तो तडक गोरखच्या घरी गेला.

“तिसरा दिवस हाये, गोरख.”

“माजा बैल गेलाय आन तुमी दिवस मोजा!” गोरखचे डोळे सुजलेले होते. “न्हाई खांदत. लईच वाटत आसंल तर तुमीच खांदा.”

“मी खांदनार नाय,” भागुजी म्हणाला. “पन तू येस्तवर राखीत बसतो.”

आणि तो खरंच जाऊन बसला. फेब्रुवारीचं ऊन चढत होतं. कुत्री आली, त्यांना त्याने काठीने हाकललं. कावळे हाकलले. येणारे-जाणारे थांबून बघत आणि हसून पुढे जात. लाज वाटत होती, पण उठावंसं वाटलं नाही. बाराच्या सुमाराला जमिनीवरून एक रुंद सावली सरकली. त्याने वर पाहिलं.

गिधाड. सात वर्षांत पहिल्यांदा. दोन घिरट्या घालून ते जड अंगाने पाखऱ्यापासून वीस पावलांवर उतरलं, आणि बोडकी मान वाकडी करून भागुजीकडे बघत उभं राहिलं. भागुजीच्या डोळ्यांत पाणी आलं. ये बाबा, असं त्याच्या अगदी ओठांवर होतं.

त्याने खाली वाकून दगड उचलला आणि मारला.

पक्षी मागे सरकला, पण गेला नाही. भुकेला होता. पुन्हा पुढे आला. भागुजीने पुन्हा दगड मारला, ओरडला, टाळ्या पिटल्या. “जा! जा म्हनतो ना!” त्याचा आवाज फाटत होता.

टिकाव-फावडं घेऊन आलेल्या गोरखने हे बांधावरून पाहिलं. मागे बयाबाई होती, तिनेच त्याला पिटाळून आणलं होतं. पण भागुजीचं तोंड बघितल्यावर गोरखला कुणी काही सांगावं लागलं नाही. त्याने सदरा काढला आणि तो खणायला लागला. माळ मुरमाड, दुपार कलेपर्यंत पाखऱ्याच्या अगदी कडेला खड्डा झाला; मायलेकांनी त्याला रेटून आत लोटलं आणि माती ओढली. भागुजीने हत्याराला हात लावला नाही. तो पक्ष्यावर नजर ठेवून उभा होता.

शेवटचं फावडं पडलं, तेव्हा गिधाडाने पंख उघडले आणि ते माळशेजच्या बाजूला निघून गेलं.

गोरखने घाम पुसला. “खाल्लं आसतं तर मेलंच आसतं का ते?”

“म्हाईत नाय.”

“आन आता उपाशी मेलं तर?”

 कपाळावर हात आडवा धरून, डोंगरापाशी तो काळा ठिपका पुसट होईपर्यंत भागुजी बघत राहिला.