एका वितीचा ठोका

माझ्या धाकट्या भावाला आमच्या गल्लीत सगळे भुंगा म्हणत. शाळेतून आला की तो दार लावून घ्यायचा आणि आतून घूं-घूं सुरू व्हायचं. जुने रेडिओ फोडून त्याने एक वाद्य केलं होतं. लाकडी खोकं, त्याला बटणं. बटण फिरवलं की आवाज चढायचा, उतरायचा. आई म्हणायची, "याच्यापेक्षा खरा भुंगा बरा. खिडकी उघडली की जातो तरी."

मोठेपणी तो दुरुस्तीच्या दुकानात लागला आणि मी शिवणाच्या वर्गात कापड बेतायला शिकवू लागले. खोक्याची तोवर तीन खोकी झाली होती. त्याने आपले आवाज टेपवर घेतले आणि रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरे झिजवले. एका साहेबाने थोडं ऐकून विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?" दुसऱ्याने आपलंच यंत्र बिघडलं समजून माणूस बोलावला. भुंगा घरी आला तो धुमसतच. "मीच काढतो अल्बम," म्हणाला. "कुणाची गरज नाही."

गरज होती. माझी.

आता म्हणे संगणकावर बोट टेकवलं की ठेका तयार. तेव्हा एकेक आवाज टेपवर घ्यायचा, टेप पात्याने कापायची आणि ते तुकडे एकापुढे एक चिकटवायचे. जेवढा तुकडा, तेवढा ठोका. भुंगा पट्टी लावून मोजायचा आणि सरळ कापायचा. ऐकताना प्रत्येक जोडावर टक्‌ व्हायचं, आणि ठेका असा की जणू शिपाई कवायत करताहेत.

"अरे, सरळ काय कापतोस?" मी म्हटलं. "कापडाच्या पट्ट्या जोडताना आम्ही तिरका छेद घेतो. जोड कळत नाही."

"हे कापड नाहीये, ताई."

"मग तू टकटक ऐकत बस."

त्याने पातं माझ्यासमोर सरकवलं. मी पट्टी बाजूला ठेवली; मला वितीने मोजायची सवय. एक वीत म्हणजे एक ठोका, अर्धी वीत म्हणजे अर्धा. वीत काही दर वेळी तंतोतंत तेवढीच पडत नाही, कधी केसभर सैल, कधी ताठ. टेप लावली आणि तो ठेका चालू लागला, माणूस चालतो तसा. भुंग्याने ती पुन्हा पुन्हा लावली. मग एकदम माझे दोन्ही हात धरून मला खोलीभर नाचवलं. माझी वेणी सुटली, स्टूल पडलं, आई दारात येऊन म्हणाली, "दोघंही गेली कामातून."

त्या दुपारी मला आजही जशाच्या तशा दिसतात. वर्ग सुटला की मी पळत घरी यायची. कथिल तापल्याचा वास, दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले टेपचे तुकडे, पंखा बंद, कारण वाऱ्याने तुकडे उडायचे. भुंगा आवाज काढायचा, मी कापायची, जोडायची. कधी म्हणायची, "हा आवाज नको, दात शिवशिवतात," आणि तो निमूट बदलायचा. मला बघायला पाहुणे आले तेव्हाही मी बोटाला चिकटपट्टी घेऊनच बाहेर गेले. ते स्थळ काही जमलं नाही. पुढचीही जमली नाहीत. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

अल्बम छापून आला. पाठीवर लिहिलं होतं: 'रचना, वादन, ध्वनिमुद्रण, जुळवणी, निर्मिती : सर्व काही एकट्याने.'

मी ते दोनदा वाचलं. "आणि मी कुठे आहे?"

"ताई, समजून घे ना. एकट्याने केलं हीच तर बातमी आहे. बहिणीच्या मदतीने म्हटलं की घरगुती उद्योग वाटतो."

"पापड लाटल्यासारखा?"

तो हसला. "पुढच्या अल्बमवर तुझं नाव पहिलं. शप्पथ."

पुढचा अल्बम झालाच नाही. त्याने ठेक्याचं यंत्र आणलं, ते विकून दुसरं आणलं. मला मात्र बोलावलं नाही. बोलावलं असतं तर नाव द्यावं लागलं असतं. तोवर पहिला अल्बम कानोकानी पसरला होता; जाणकार म्हणू लागले की त्याच्या यंत्रात जीव आहे. आणि पुढे काहीच न काढल्यामुळे तो आणखी मोठा झाला. गप्प बसलेल्या माणसाला लोक विचारवंत समजतात.

गेल्या वर्षी एका प्रकाशकाने तो अल्बम पुन्हा काढायचं ठरवलं. मूळ टेप भुंग्याकडे पत्र्याच्या डब्यात होती. डबा उघडला तर काय, चिकटपट्टीचा डिंक वाळून सगळे जोड सुटलेले! आत तुकड्यांचा नुसता पालापाचोळा. भुंगा प्रकाशकाला घेऊन थेट माझ्या घरी आला. 'ताईला टेप बघायची होती,' असं प्रकाशकाला सांगितलेलं.

प्रकाशक पोरगेलासा, अदबीचा. म्हणाला, "सर, तुम्हीच कापलेत ना? मग क्रम तुम्हाला आठवत असेल. एखादा जोड करून दाखवता?"

भुंग्याने पातं हातात घेतलं. तुकडा या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला. मग पातं खाली ठेवलं. "हात थरथरतात आता. वय झालं."

त्याचा हात अजिबात थरथरत नव्हता. मी वाट पाहिली. एक वाक्य पुरे होतं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला, जणू समोरच्या भिंतीवर काही लिहिलंय.

मग मीच बोलले. "हे मी कापलेत. माझ्या वितीने." आणि एक तुकडा टेबलावर सरळ करून त्यावर हात पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर बसला.

प्रकाशक भुंग्याकडे बघू लागला. भुंगा प्रेमाने हसला. "ताईची फार साथ होती हो. चहा हिच्या हातचाच. कधीमधी तुकडे धरायला बसायची."

"किती छान!" प्रकाशक म्हणाला. "आजी, हात तसाच ठेवा हं, एक फोटो घेतो."

तो फोन करायला गॅलरीत गेला तसा भुंगा खुर्ची ओढून जवळ आला. "डबा तुझ्याकडेच ठेवतो. सावकाश जोड. मी सांगेन, मी जमवलं कसंतरी."

"आणि माझं नाव?"

"या वयात तुला नाव कशाला हवंय गं?"

"तुला या वयात कशाला हवंय?"

"अगं, लोक म्हणतील जन्मभर खोटं बोलला!"

"म्हणू देत. खरंच आहे ते."

"तू लहानपणापासूनच हेकट," तो म्हणाला.

"नाव छाप, मग मी सगळं जोडून देते. एक तुकडा इकडचा तिकडे होणार नाही."

त्याने झाकण लावलं, डबा काखोटीला मारला आणि गॅलरीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "टेप गेली कामातून. छापील तबकडीवरूनच करू."

तसंच केलं. कुणाकडून तरी घासलेली तबकडी मिळवली आणि तिच्यावरून अल्बम काढला, खरखरीसकट. लोकांना ती खरखरही आवडली. आत माझा फोटो आहे: 'संगीतकाराच्या भगिनी, मूळ टेपसह.' पाठीवर तेच, सर्व काही एकट्याने.

नंतर भावजयीचा फोन आला. "वन्सं, तुमच्या बोलण्याने यांना धड जेवण जात नव्हतं हो."

"मला जात होतं," मी म्हटलं. "डबा कुठे आहे?"

"कचऱ्याच्या गाडीत दिला. घरात नको म्हणाले. मी म्हटलं, वन्संना विचारू तरी. तर म्हणाले, तिचा काय संबंध?"

फोन ठेवून मी देवापाशी दिवा लावायला उठले. लावला नाही. तशीच अंधारात बसले आणि भुंग्याला एक शिवी दिली, आईने ऐकली असती तर थोबाडीत मारली असती अशी. दिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.